सुस्त कोण, शांत कोण?

शब्द सैल झाले की न्यायही सैल होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या समाजाला ‘सावकाश’ आणि ‘सुस्त’ यांतला फरक सांगता येत नाही, ‘शांत’ आणि ‘मुकाट’ हे शब्द जो एकाच मापाने मोजतो, त्याच्या हातून माणसांची पारख चुकणारच. आणि पारख चुकली की वागणूकही चुकते. हा दोष केवळ व्याकरणाचा असता तर तो शाळामास्तरांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु त्याची किंमत जिवंत माणसे मोजत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आमच्या वाचकांना अपरिचित नाहीत. मुंबई, ठाणे, वसई या भागांतील धर्मग्रामांच्या सहली तिकडे जातात, युवकांची शिबिरे तिकडे भरतात, मनन-चिंतनासाठी एकांत हवा म्हणून अनेक जण तिकडची वाट धरतात आणि हातात चार पैसे आलेली कुटुंबे तिकडे एखादा बंगला वा जमिनीचा तुकडा घेण्याचे स्वप्न पाहतात. यात काही वावगे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे भांडण आहे ते परतीच्या वाटेवर बोलल्या जाणाऱ्या दोन वाक्यांशी. पहिले वाक्य: ‘काय शांत जागा आहे!’ दुसरे वाक्य: ‘पण तिकडची माणसे मात्र अगदी सुस्त हो!’ ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात उच्चारली जातात. उच्चारणारी माणसे दुष्ट नसतात. किंबहुना बरीचशी पापभीरूच असतात. तरीही ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत, आणि ती का खोटी आहेत हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

शब्दांची मापे

आपल्या मराठीत मंद गतीचे आणि शांततेचे शब्द मोजायला बसलो तर हाताची बोटे अपुरी पडतात. शाळेच्या पुस्तकात ते ‘समानार्थी’ म्हणून एका ओळीत बसवलेले असतात. पण व्यवहारात एकाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही.

‘सावकाश’ हाच शब्द पाहा. स-अवकाश, म्हणजे ज्यात अवकाश आहे, जागा आहे, ते सावकाश. घाईने गच्च भरलेल्या क्षणात दुसऱ्याला शिरायला वाव नसतो. सावकाश माणसाजवळ तो असतो. ‘दमाने’ या शब्दात दम आहे, श्वास आहे. आपल्या श्वासाला झेपेल अशा गतीने जाणे म्हणजे दमाने जाणे. डोक्यावर मोळी घेऊन डोंगराची चढण चढणारी ठाकर स्त्री दमाने चालते, म्हणूनच ती वर पोचते. ‘संथ’ हा प्रवाहाचा शब्द आहे. त्यात गती आहे, खळबळ नाही. ‘मंद’ हा शब्द तीव्रता सांगतो: मंद दिवा, मंद सुगंध, मंद आच. आपल्या घरातील सुगरणीला विचारा. मंद आचेवर शिजलेल्या कालवणाला जी चव येते ती भडक्या जाळावर येत नाही.

‘सुस्त’ मात्र वेगळ्या कुळीचा शब्द आहे. शरीर धड आहे, वेळ आहे, साधने आहेत, आणि इच्छा तेवढी झोपली आहे, अशा माणसाला सुस्त म्हणावे. ‘दिरंगाई’ त्याहून वेगळी. फारसीतील ‘दिरंग’ म्हणजे विलंब. आपल्या हाती असलेले दुसऱ्याचे काम आपण लांबवतो, ती दिरंगाई. सुस्त माणूस स्वतःचा वेळ घालवतो. दिरंगाई करणारा दुसऱ्याचा वेळ चोरतो.

शांततेच्या शब्दांचेही तसेच. ‘स्वस्थ’ म्हणजे जो स्वतःत स्थिर आहे तो. ‘निवांत’ या शब्दाचे नाते ‘निवात’ या संस्कृत शब्दाशी सांगितले जाते. निवात म्हणजे जेथे वारा नाही अशी जागा. प्रभू येशूने गालील समुद्रावरील वादळाला दटावले आणि वारा पडला, त्या प्रसंगाच्या वर्णनात मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी नेमका हाच शब्द योजला आहे. वादळ येऊन गेल्यावर, भय ओसरल्यावर जे उरते ते निवांत. ‘मुकाट’ याचे नाते भयाशी आहे. ज्याला बोलायचे आहे पण बोलण्याची सोय नाही, तो मुकाट बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला निवांत माणूस आणि मुकाट माणूस सारखेच दिसतात. आत मात्र एकाचे वादळ शमलेले असते आणि दुसऱ्याचे कोंडलेले असते.

पापाचे नाव काय?

आमच्यातील काही सुविद्य बांधव म्हणतील, ‘हे सारे ठीक, पण आळस हे सात मुख्य पापांपैकी एक आहे, हे तुम्ही विसरता.’ आम्ही विसरत नाही. उलट त्या पापाचे नाव नीट तपासून पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

इंग्रजीत या पापाला ‘स्लॉथ’ म्हणतात. हा शब्द ‘स्लो’ या शब्दापासूनच बनला आहे. म्हणजे जो स्लो तो स्लॉथी, जो हळू तो पापी, असा हिशेब त्या भाषेने शब्दाच्या पोटातच मांडून ठेवला. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या आमच्या दोन-तीन पिढ्यांनी तो हिशेब विनातपासणी स्वीकारला. परंतु ख्रिस्तसभेच्या प्राचीन परंपरेत या पापाचे नाव ‘अकेदिया’ असे आहे. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘काळजी नसणे’, आस्था नसणे, असा होतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या मठवासी लेखकाने या पापाचे वर्णन करून ठेवले आहे. त्यातील मठवासी काही लोळत पडलेला नाही. त्याला सूर्य जागचा हलेनासा वाटतो. तो सारखा खिडकीकडे पाहतो, खोलीबाहेर येतो, आपल्या जागेचा त्याला वीट येतो, दुसरीकडे कोठे तरी निघून जावे असे त्याला वाटते. थोडक्यात, तो अस्वस्थ आहे, उतावीळ आहे. पुढे संत थॉमस अक्विनास यांनीही या पापाचा गाभा गतीत न शोधता मनात शोधला. ईश्वरी कल्याणाविषयी वाटणारी उदासीनता म्हणजे अकेदिया, असे त्यांनी प्रतिपादन केले.

म्हणजे पाप हळू चालण्यात नाही; पाप काळजी नसण्यात आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारा माणूसही या पापात आकंठ बुडालेला असू शकतो.

हळूपणाला पवित्र शास्त्र पाप तर मानत नाहीच. ते तो गुण प्रत्यक्ष परमेश्वराला लावते. आपल्या प्रचलित मराठी बायबलमध्ये परमेश्वराला ‘मंदक्रोध’ म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा होतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये; तापट माणसाच्या ‘नाकावर राग’ असतो असे आपण म्हणतोच. ज्याचे नाक लांब, त्याच्या रागाला शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो! परमेश्वराला शोभणारा हा ‘मंद’ शब्द आपण मात्र पाटीवरचे गणित दोनदा वाचणाऱ्या मुलाच्या कपाळी शिक्क्यासारखा मारतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘स्लो’ असा शेरा येतो, घरी त्याचे भाषांतर ‘मंद’ असे होते, शेजारी त्याचा ‘ढ’ होतो, आणि पोर जन्माचे खचते. ते पोर सावकाश आहे की सुस्त, उपाशी आहे की घाबरलेले, हे पाहण्याची तसदी ना शेरा लिहिणाऱ्याने घेतलेली असते ना वाचणाऱ्याने.

कर्जतचे भात, घाटाची गाडी

हळू म्हणजे हीन, हा समज ज्यांना शहरी शिक्षणाने चिकटला आहे, त्यांनी कर्जतच्या शेतकऱ्याकडे दोन धडे घ्यावेत. कर्जतला १९१९ पासून भातसंशोधनाचे केंद्र आहे. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली चालते आणि तेथे निघालेली भाताची वाणे कर्जतचेच नाव लावून कोकणभर पिकतात. भाताच्या वाणांचे तीन प्रकार शेतकरी सांगतो: हळवे, निमगरवे आणि गरवे. हळवे लवकर तयार होते, निमगरवे मध्यम मुदतीचे, गरवे सर्वांत उशिरा कापणीला येते. गरव्या भाताला कोणी शेतकरी आळशी म्हणत नाही. ज्या खाचरात पाणी जास्त काळ टिकते तेथे तो गरवे लावतो. जी जमीन उथळ, जिचे पाणी लवकर ओसरते, तेथे हळवे. कोणते पीक केव्हा पिकावे हे त्याला ठाऊक असते, कारण त्याला आपली माती ठाऊक असते. मुलांचे आणि माणसांचे पीकही असेच खाचर पाहून जोखावे, एवढे शहाणपण आमच्या शिक्षणपद्धतीला अजून यायचे आहे.

दुसरा धडा रेल्वेचा. १८६३ साली बोरघाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग सुरू झाला. त्या घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. आजही पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. आणि घाट उतरणाऱ्या गाड्यांना वेगाचे कडक बंधन असते. ती गाडी घाटात हळू चालते म्हणून तिला कोणी सुस्त म्हणाले, तर आपण त्याला वेड्यात काढू. डोंगर चढताना हळू चालणे ही अक्कल आहे, हे आपल्याला यंत्राच्या बाबतीत चटकन कळते. मग आयुष्यभर डोंगर चढणाऱ्या माणसाच्या बाबतीत का कळू नये?

विकाऊ शांतता

आता पहिल्या वाक्याकडे वळू: ‘काय शांत जागा आहे!’

कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर जागोजागी फलक उभे आहेत. बंगले, सदनिका, शेतघरे, विश्रामस्थाने यांच्या त्या जाहिरातींत निवांतपणा प्रति चौरस फूट दराने विकला जातो. जाहिरातीतील इंग्रजी शब्द बहुधा ‘काम’ हा असतो. त्याच्या जोडीला ‘लीझर’. या दोन्ही शब्दांचा इतिहास उद्बोधक आहे. ‘लीझर’ हा शब्द ‘परवानगी असणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. ज्याला परवानगी आहे त्याचीच फुरसत! आणि ‘काम’ या शब्दाचे मूळ ‘उष्मा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत नेले जाते. भर दुपारच्या उन्हात काम थांबवून घेतलेला विसावा, हा त्याचा जुना आशय. तोच शब्द देवनागरीत लिहिला की त्याचा मराठी अर्थ कष्ट असा होतो. आम्हाला हा केवळ शाब्दिक योगायोग वाटत नाही. कर्जत-खालापुरात एकाचे इंग्रजी ‘काम’ हे दुसऱ्याच्या मराठी कामावर उभे आहे.

माथेरान पाहा. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते गोऱ्या साहेबांच्या नजरेस आणले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी वर नेली. त्या गाडीची कूर्मगती आपण तिकीट काढून विकत घेतो आणि तिचे कौतुक करतो. माथेरानात मोटारींना बंदी आहे, म्हणून तेथे शांतता आहे, असे आपण म्हणतो. पण त्या शांततेत पाहुण्यांना बसवून हातरिक्षा ओढणारी माणसे होती. लाल मातीच्या चढावर त्यांना लागणारी धाप त्या शांततेच्या हिशेबात कोणी धरली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवली आणि ती सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. देश स्वतंत्र होऊन तोवर अठ्ठ्याहत्तर वर्षे होत आली होती. ज्या जागेला आपण इतकी वर्षे शांत म्हणत होतो, ती खरे तर कोणाच्या तरी धापेवर चालत होती.

डोंगराखाली उतरा. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पावसाळ्यात पोट जाळण्यासाठी घेतलेली उचल त्यांना हंगामभर फेडावी लागते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. उचल मात्र कायद्याच्या आधीही होती, नंतरही राहिली. रात्री उठून चिखल मळायचा, साच्यातून विटा पाडायच्या, ऊन चढेपर्यंत पाडतच राहायच्या. दुपारी झोपडीच्या सावलीला टेकलेला हा माणूस आपल्याला मोटारीतून दिसतो आणि आपण निकाल देतो: सुस्त! त्याच सुमारास आपल्या विश्रामस्थानाच्या ओसरीवर खुर्ची टाकून पहुडलेला पाहुणा मात्र ‘निवांत’ असतो. दोघेही टेकलेलेच आहेत. एकाच्या टेकण्याला विशेषण वेगळे आणि दुसऱ्याच्या टेकण्याला वेगळे, हा भेद कोणत्या शब्दकोशातून आला? तो शब्दकोशातून आलेला नाही. तो सातबाऱ्याच्या उताऱ्यातून आला आहे.

होय, प्रश्न शेवटी जमिनीपाशीच येऊन थांबतो. सावकाश असायला अवकाश लागतो. रायगड-ठाण्यातील अनेक कातकरी वाड्यांची घरे ज्या जागेवर उभी आहेत ती जागाच दुसऱ्याच्या नावावर आहे. जमिनीचे भाव चढले तशी त्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार खाली आली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा विषय हाच, कातकऱ्यांच्या घरांखालची जमीन आणि तेथून उठवले जाण्याचे भय, हा आहे. ज्याला उद्या याच जागी चूल पेटेल की नाही ठाऊक नाही, तो मालकासमोर बोलत नाही. आपण त्याला शांत म्हणतो. तो मुकाट आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने सौम्य जनांना पृथ्वीचा वारसा देऊ केला, आणि प्रचलित मराठी भाषांतरात त्या वारशाला चक्क ‘वतन’ हा जमिनीचा शब्द आहे. या दोन तालुक्यांत सौम्य जनांच्या पायांखालून वतन सरकत असताना, सरकणाऱ्या जमिनीवर आपला बंगला उठवून आपण त्याच प्रवचनावर मनन करणार असू, तर त्या मननाला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

आणि या भागाला ‘शांत’ म्हणणाऱ्यांना इतिहासही ठाऊक नसतो. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच जिल्ह्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यातील हुतात्म्यांत नाग्या कातकरी हा तरुण होता. माथेरानचे सुपुत्र विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांनी गोरगरिबांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या, १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हौतात्म्य पत्करले. या मातीला आवाज आहे. तो ऐकू येत नसेल तर दोष मातीचा नव्हे.

इर्शाळवाडीचा शब्द

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवण्यात आले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला धावलेली माणसे पावसात, निसरड्या पायवाटेने चालत वर गेली. मोठी यंत्रे वर नेताच आली नाहीत, आणि हातातल्या अवजारांनी चिखल उपसावा लागला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे शासनाने सांगितले.

त्या दिवसांत ‘निसर्गाच्या कुशीत शांत झोपलेली वाडी’ अशी वाक्ये ठिकठिकाणी वाचायला मिळाली. त्यामागील करुणा आम्ही नाकारत नाही. पण त्या शब्दांनी वस्तुस्थितीवर पांघरूण घातले. रस्ता नसलेल्या वस्तीला शांत म्हणणे म्हणजे तिच्या उपेक्षेला सौंदर्य बहाल करणे होय. वाहनाचा आवाज तेथे नव्हता, कारण वाहन पोचेल अशी वाटच कोणी केली नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या इतक्या वर्षांत जी वाट झाली नाही, ती न होण्याला ‘काम सावकाश चालू आहे’ असे म्हणण्याची सरकारी रीत आहे. येथेच शब्द काटेकोर हवा. त्याला सावकाश म्हणायचे नाही. त्याला दिरंगाई म्हणायचे.

महाराष्ट्रात २००५ साली शासकीय कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. लोक त्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात, आणि लोकांनी दिलेले हे नाव अचूक आहे. सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल कोणा कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो कायदा सांगतो. वन हक्क कायदा २००६ चा. त्याखालील दाव्यांचे कागद घेऊन आदिवासी किती पावसाळे कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आहेत, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या वाडीवर जाऊन विचारावे. कागद घेऊन पायी येणारा आदिवासी सुस्त, आणि कागद दाबून खुर्चीत बसलेला मात्र ‘कामात आहे’! या उफराट्या भाषेला आमचा विरोध आहे.

तीन आक्षेप

आमच्यावर तीन आक्षेप येतील, याची आम्हाला कल्पना आहे.

पहिला आक्षेप असा की, हा शब्दांचा कीस काढणे झाले. पोट शब्दांनी भरत नाही. आमचे उत्तर असे की, पोट शब्दांनी भरत नसले तरी ते शब्दांनी मारले जाते. ‘हे लोक मुळातच आळशी’ हे वाक्य एकदा रुजले की कमी मजुरीला, अडवलेल्या दाखल्याला, न झालेल्या रस्त्याला, सर्वांना आयते समर्थन मिळते.

दुसरा आक्षेप असा की, आदिवासींतही आळशी माणसे असतात. असतात, जशी ती धर्मग्रामात असतात, कचेरीत असतात, संपादक मंडळातही असतात. आमचे म्हणणे इतकेच की आळस हा व्यक्तीचा दोष आहे, तो जमातीला चिकटवू नये. आणि व्यक्तीलाही चिकटवण्यापूर्वी तिच्या पाठीवरचे ओझे पाहावे.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस आहे. ‘जग वेगाने चालले आहे, थांबला तो संपला’ हे सुभाषित आमच्या तरुणांच्या तोंडी बसले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जीवनाच्या या वाढत्या वेगाला एक स्वतंत्र नावच दिले आणि सृष्टीच्या स्वाभाविक धीम्या लयीशी त्याचा कसा विरोध येतो ते दाखवले. आम्ही त्याला एका जुन्या दाखल्याची जोड देतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस अर्धमेला पडला होता. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही निघून गेला. दोघांपैकी कोणीही सुस्त नव्हता. दोघेही चालते होते, कदाचित लगबगीनेही असतील. अकेदिया त्यांच्या पायांत नव्हती, मनात होती. शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे स्वतः पायी चालला, आणि अर्थातच हळू चालला. प्रभूच्या हिशेबात जो थांबला तो संपला नाही. जो थांबला तोच शेजारी ठरला.

काय करावे?

तक्रार करून मोकळे होणे हे या पृष्ठांचे काम नव्हे. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

आपल्या शाळांतील शिक्षक-शिक्षिकांनी प्रगतिपुस्तकातून ‘स्लो’ हा एकशब्दी शेरा हद्दपार करावा आणि मुलाविषयी एक पूर्ण मराठी वाक्य लिहावे. ‘वाचायला वेळ लागतो, पण वाचलेले विसरत नाही,’ असे एक वाक्य पालकांच्या हाती पडले तर घरातले वातावरण पालटेल.

सहली आणि शिबिरे नेणाऱ्या धर्मग्राम-मंडळांनी मुक्कामाच्या जागेपासून सर्वांत जवळची वाडी कोणती, तिचे नाव काय, तेथे पाणी, रस्ता, शाळा आहे की नाही, एवढे तरी मुलांना शोधायला लावावे. ज्या वाडीचे नाव आपल्याला ठाऊक नाही, तिच्या शांततेची स्तुती करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

त्या भागात जमीन घेऊ पाहणाऱ्यांनी उताऱ्यावरील नावाबरोबरच त्या जमिनीवर कोणाची चूल पेटते तेही विचारावे. कागद स्वच्छ असला म्हणजे व्यवहार स्वच्छ झाला, असे ख्रिस्ती विवेक मानत नाही.

आणि मिस्सेतील सार्वजनिक प्रार्थनांत ‘गोरगरिबांना शांती लाभो’ अशी मोघम विनवणी करण्याऐवजी, ज्यांना बोलण्याची सोय नाही त्यांना वाचा लाभो, ज्यांचे काम अडले आहे ते आमच्या हातून न रखडो, अशी नेमकी विनवणी आपण करू या. परमेश्वराला आपले मन कळते हे खरे. पण नेमके शब्द उच्चारल्याने आपले मन आपल्याला कळते.

शेवटी एक रोजची गोष्ट. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत गाड्या दोन प्रकारच्या: जलद आणि धीमी. धीमी गाडी रुळावर काही कमी जोराने धावते असे नाही. दोन स्थानकांच्या मधल्या अंतरात तीही भरधाव जाते. तिला धीमी म्हणतात, कारण ती प्रत्येक स्थानकावर थांबते. जलद गाडी ज्यांना फलाटावर उभे ठेवून निघून जाते, त्यांना धीमी गाडी आत घेते. आम्हाला हवी असलेली ख्रिस्तसभा ही अशी आहे. तिला कोणी सुस्त म्हणाले तर म्हणू द्यावे. तिच्यात इर्शाळवाडीच्या माणसालाही जागा मिळाली पाहिजे, एवढेच आपण पाहू.